वाचकांचे प्रश्न : घरी पाहिलेली नाटके-सिनेमे आणि त्यांवरची मते

घरी पाहिलेले चित्रपट आणि संगीत नाटके यांच्याविषयी पडलेले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे लांबलचक होती, ती जागेअभावी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त शिक्षिका महिन्यातून एकदा एकमेकींच्या घरी जमून जुना चित्रपट पाहतो आणि नंतर प्रत्येकीने आपले मत सांगावे, असा आमचा रिवाज आहे. मागच्या खेपेस 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पाहिला. निम्म्या जणींनी 'आपल्या सोलापूरच्या माणसावरचा चित्रपट, त्याला नावे कशी ठेवायची?' असे म्हणून विषय मिटवला, तर एकीने नायक फारच स्थूल दिसतो एवढेच सांगितले. चर्चा रंगावी म्हणून काय करावे? — मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : आधी स्थूलपणाचे पाहू, कारण तो बहुधा नायकाचा नसून आपल्या टीव्हीचा आहे. १९४६ सालचा हा चित्रपट त्या काळच्या पद्धतीप्रमाणे जवळजवळ चारास तीन या प्रमाणाच्या चौकटीत घेतलेला आहे आणि आजच्या टीव्हीचा पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा असतो. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र ताणले, की उंची तेवढीच राहते आणि रुंदी एक तृतीयांशाने वाढते. मग शांतारामबापू काय आणि जयश्रीबाई काय, सगळेच खात्यापित्या घरचे दिसू लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय असतो, तिथे ४:३ निवडा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्याव्यात.

अभिमानाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तिकडे गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. ही त्या माणसाची थोरवी आहे, चित्रपट निघाला नसता तरी ती तेवढीच राहिली असती, आणि म्हणून चित्रपटाला तिच्यातला वाटा आपोआप मिळू नये. दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका दोन्ही शांतारामबापूंनी स्वतःकडेच ठेवली, हे कोणत्या प्रसंगांना मानवले आणि कोणत्या प्रसंगांना जड गेले? चिनी पत्नीच्या भूमिकेतल्या जयश्रीबाईंना आपण किती वेळात पत्नी म्हणून स्वीकारतो, की त्या शेवटपर्यंत जयश्रीबाईच राहतात? वसंत देसाईंचे संगीत कथा चीनमध्ये गेल्यावर आपला बाज बदलते का? या प्रश्नांची उत्तरे कितीही परखड दिली, तरी कोटणीसांच्या स्मारकाचा एक चिराही हलत नाही.

आपल्या बैठकीसाठी एकच अट सुचवतो. प्रसंग सांगितल्याशिवाय कोणीही विशेषण वापरायचे नाही. 'रटाळ' म्हणायचे असेल तर कुठे रटाळ झाला ते आधी सांगायचे आणि 'हृदयस्पर्शी' म्हणायचे असेल तर तोच नियम. एकीने प्रसंग सांगितला, की दुसरीला त्यातले वेगळे काही आठवते, आणि तिथून पुढे बैठक आपोआप चालते.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. वडिलांच्या काळातल्या एका गाण्यांच्या चित्रपटाची सीडी घरी आहे. त्यातले एक गाणे आमच्या जुन्या रेकॉर्डवर काळी एकमध्ये लागते, पण सीडीवर ते पांढरी दोनच्या जवळ जाते आणि पेटीच्या कोणत्याच पट्टीशी नीट जुळत नाही. गायिका पडद्यासाठी मुद्दाम वर ताणून गायली, असे मत मी मित्रांना सांगितले. मुलगा म्हणतो, बाबा, तुमच्या कानांना भास होतो. — साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपल्या कानांना भास होत नाही, परंतु आपण काढलेला निष्कर्ष मात्र गायिकेवर अन्याय करणारा आहे.

बोलका चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो. भारतातील दूरचित्रवाणीने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत मात्र सेकंदाला २५ चौकटी लागतात, आणि जुने चित्रपट व्हीसीडीवर किंवा प्रक्षेपणासाठी उतरवताना सोपा मार्ग म्हणून बहुतेकदा चित्रपट तेवढ्या वेगाने पळवला जाई. वेग सुमारे चार टक्क्यांनी वाढला, की अडीच तासांचा, म्हणजे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, आणि आवाज वेगळा सांभाळलेला नसेल तर तोही अर्ध्या स्वराहून थोडा कमी, साधारण सात दशांश सेमिटोन इतका वर सरकतो. काळी एकमधले गाणे पेटीवरच्या लगतच्या पट्टीच्या, म्हणजे पांढरी दोनच्या दिशेने निघते आणि तिथे पोहोचण्यापूर्वीच थांबते. आपल्याला पेटीवर त्याची जागा सापडत नाही ती याचमुळे.

मुलाची खात्री पटवायची असेल, तर चित्रपटाच्या आरंभी दिसणारे सेन्सॉरचे प्रमाणपत्र थांबवून वाचावे. त्यावर चित्रपटाची लांबी छापलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजेच सुमारे २७.४ मीटर सरकते. त्या लांबीला या आकड्याने भागले, की चित्रपटाचा खरा कालावधी निघतो. सीडीचा कालावधी त्याहून चार टक्क्यांनी कमी भरला आणि मधले काही कापलेले नसले, तर गुन्हेगार सापडला म्हणायचे. मात्र रेकॉर्डलाही फार प्रमाण मानू नये. चावीच्या ग्रामोफोनचा वेग स्क्रू फिरवून कमीजास्त करता येत असे, आणि चित्रपटातले गाणे रेकॉर्डच्या एका बाजूच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसावे म्हणून ते पुष्कळदा निराळे गाऊन घेतलेले असे.

हा दोष फिल्मवर चित्रित झालेल्या गोष्टींपुरताच आहे. रंगमंचावरच्या प्रयोगाचे व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेले चित्रीकरण मुळातच २५ चौकटींचे असते, तेव्हा तिथे पट्टी वर गेलेली वाटली तर ती गायकानेच वर घेतली आहे, असे खुशाल म्हणावे.

प्रश्न : आम्ही सर्वांनी 'कट्यार काळजात घुसली' हा चित्रपट घरी पाहिला, त्यानंतर काकांनी याच नाटकाच्या प्रयोगाची चित्रफीत लावली, आणि तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत. आपला निर्णय कळवावा. — बार्शी

उत्तर : निर्णय देण्यापूर्वी दोन्ही तटांनी आपण नेमक्या कशाची तुलना करीत आहोत, हे ठरवावे, अशी विनंती आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले, त्याला संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि त्यातले गवई खाँसाहेब साकारले होते वसंतराव देशपांडे यांनी. तिथे खाँसाहेबांचा अहंकार आणि खाँसाहेबांची तान एकाच गळ्यातून येत असे, त्यामुळे अभिनयाला इतके गुण आणि गायनाला इतके, अशी वाटणी करण्याची सोयच प्रेक्षकाला नव्हती. २०१५ सालच्या चित्रपटात ही वाटणी झालेली आहे. पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगावकर आहेत आणि त्यांचा गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा आहे. सदाशिव हा तरुण गवई दिग्दर्शक सुबोध भावे यांनी स्वतः उभा केला आहे आणि त्याच्या तोंडचे गाणे महेश काळे यांचे आहे, ज्यासाठी त्यांना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रमुख गवयांपैकी नट आणि गायक एकच असण्याची जुनी रीत पाळली गेली ती खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी असलेल्या एकट्या पंडितजींच्या बाबतीत, कारण ती भूमिका शंकर महादेवन यांची होती.

म्हणून 'खाँसाहेब काय गायलेत!' हे वाक्य नाटकाबद्दल जसेच्या तसे चालते, चित्रपटाबद्दल मात्र त्याची फोड करावी लागते. चेहऱ्याने ती तान आपली म्हणून पत्करली आहे का? तान लांबत जाते तेव्हा नटाच्या छातीत श्वास संपत आल्यासारखा दिसतो का, मानेची शीर सुरावर येते की सुरानंतर? हे पाहणे घरीच अधिक सोपे आहे, कारण प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहता येतो. आपण भारतीय प्रेक्षक पार्श्वगायनाला इतके सरावलो आहोत की उसन्या गळ्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. हॉलिवूडमध्ये मात्र ही गोष्ट दीर्घकाळ झाकून ठेवली जाई. १९६४ सालच्या 'माय फेअर लेडी'त ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने गायलेली असूनही श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते. (ज्या शॉच्या 'पिग्मॅलियन'वर हा चित्रपट उभा आहे, त्यावरच पुलंनी 'ती फुलराणी' बेतले, हे आपल्या काकांना ठाऊक असेलच.) उलट टोकाला, २०१२ सालच्या 'ले मिझराब्ल'मध्ये नटांना कॅमेऱ्यासमोरच प्रत्यक्ष गायला लावले, आणि मग हुंदक्यात फाटलेला सूर भूमिकेच्या बाजूने धरायचा की विरुद्ध, हा निराळाच वाद प्रेक्षकांत सुरू झाला.

चित्रफितीच्या बाजूनेही एक अडचण आहे. गवयांच्या स्पर्धेच्या नाटकात गाणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहरा मोलाचा असतो. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक तान चालू असताना प्रतिस्पर्ध्याकडे पाहू शकतो. चित्रफितीत तो अधिकार कॅमेरा चालवणाऱ्याच्या हाती जातो, आणि तो बहुधा गाणाऱ्यालाच धरून ठेवतो. चित्रपटात असे चेहरे दिग्दर्शकाने निवडून दाखवलेले असतात, ही त्याची जमेची बाजू. आमचे स्वतःचे मत विचाराल तर आम्ही काकांच्या तटात आहोत, पण ते एकाच गळ्याच्या बळावर. कथा सांगण्याच्या सफाईवर मते मागितली, तर आमचे मत चित्रपटाला जाईल.

प्रश्न : माझा नातू कोणताही चित्रपट दीडपट वेगाने आणि गाणी पुढे ढकलून पाहतो व लगेच मोबाइलवर मित्रांना मत कळवतो. असे मत ग्राह्य धरावे का? — जुळे सोलापूर

उत्तर : कथेपुरते धरावे, त्यापलीकडे नाही. गाणे सजावटीपुरते असलेल्या चित्रपटात त्याचे फारसे बिघडणार नाही. परंतु किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'सौभद्र'सारख्या नाटकात पात्रांचे बोलणेच मुळी पदांतून पुढे सरकते. शंभराहून अधिक पदांपैकी बरीचशी हल्लीच्या प्रयोगांत गाळली जातात, त्यावर नातवाने उरलेलीही ढकलली, तर सुभद्रा एवढी व्याकूळ का, हे त्याला कळण्याचा मार्गच राहत नाही. नातवाने मत जरूर कळवावे. सोबत 'गाणी पाहिली नाहीत' एवढे तीन शब्द जोडावेत.

प्रश्न : आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, सूनबाई मराठी घरातल्या आहेत. तेलुगू चित्रपट आम्ही मूळ भाषेत पाहतो, त्या मोबाइलवर हिंदीत पाहतात. आम्हाला जो चित्रपट खुसखुशीत वाटतो, तो त्यांना आरडाओरड्याचा वाटतो. — पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : आपण आणि सूनबाई यांनी दोन वेगळ्या वस्तू पाहिल्या आहेत, तेव्हा दोघांचीही मते खरी असू शकतात. भाषांतरित संवाद लिहिणाऱ्याला अर्थाबरोबर ओठही सांभाळावे लागतात. प, ब, म ही अक्षरे उच्चारताना ओठ मिटतात आणि जवळून घेतलेल्या दृश्यात ते लपत नाही, शिवाय वाक्य मूळ वाक्याइतक्याच वेळात संपवावे लागते. या ओढाताणीत पहिला बळी जातो तो विनोदाचा आणि बोलीच्या लहेजाचा. त्यातच नटाच्या आवाजाऐवजी स्टुडिओत माइकजवळ उभे राहून बोललेला, एकाच चढ्या पातळीवरचा आवाज आला, की आरडाओरड्याची तक्रार होणारच. मारामारी, छायाचित्रण, नृत्य यांवर सूनबाईंचे मत आपल्याइतकेच वजनदार मानावे, संवादांवर मात्र त्यांनी तूर्त मत राखून ठेवावे. पुढच्या वेळी मूळ तेलुगू आवाज ठेवून खाली उपशीर्षके लावून एकत्र पाहा. जिथे ती अपुरी पडतील, तिथे आपण सांगायला आहातच. सोलापुरात असे दुभाषे घरोघरी आहेत, ही इतर शहरांना न मिळालेली सोय आपण वापरत नाही, याचे नवल वाटते.

प्रश्न : माझ्या भाच्याने हौशी संस्थेच्या संगीत नाटकात काम केले. राज्य नाट्य स्पर्धेतल्या त्या प्रयोगाचे, कोणीतरी मागच्या रांगेतून मोबाइलवर केलेले चित्रीकरण त्याने आम्हा नातेवाइकांना पाठवले आणि मत विचारले. त्याचा आवाज मला पातळ वाटला. तसे कळवू का? — अक्कलकोट

उत्तर : आवाजाच्या पातळपणाबद्दल काहीही कळवू नये. मोबाइलचा माइक आवाज मोठा झाला की स्वतःहून खाली घेतो आणि लहान झाला की वर उचलतो, त्यामुळे गायकाने हळू सुरू करून वाढवत नेलेले पद त्यात सपाट होते. मागच्या रांगेत सभागृहाचा घुमारा मिसळतो, आणि जवळच्या खुर्चीतला खोकला नायकापेक्षा मोठा ऐकू येतो. या चित्रीकरणावरून ज्यांची पारख नीट होते अशा गोष्टी वेगळ्या आहेत. ऑर्गनने सूर दिल्यावर भाचा पद वेळेवर उचलतो का, तबल्याच्या ठेक्यावर समेला बिनचूक येतो का, पद संपल्यावर टाळ्या ओसरेपर्यंत भूमिकेत थांबतो की लगेच पुढचे वाक्य म्हणून मोकळा होतो, दुसरे पात्र गात असताना हातांचे काय करावे हे त्याला कळते का? यांपैकी जे दिसले ते पदाचा उल्लेख करून मोकळेपणाने लिहावे, आणि आवाजाविषयी त्याने पुन्हा विचारलेच, तर पुढच्या प्रयोगाची तारीख कळव, एवढेच उत्तर द्यावे.