आरएक्स १०० डर्ट रेसला उतरवायची आहे, आधी पोर्टिंग करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये राहता, घरी १९९१ ची यामाहा आरएक्स १०० बरीच वर्षं पडून आहे, जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या डर्ट रेसमध्ये ती उतरवायची आहे, पैसे बेताचे आहेत, तर सुरुवात पोर्टिंगपासून, म्हणजे सिलिंडरमधले पोर्ट (मिश्रण आणि धूर ये-जा करणारी भोकं) घासून मोठे करण्यापासून, करावी का?

नका करू. ५० मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोकचं हे ९८ सीसीचं इंजिन मूळ अवस्थेत ११ बीएचपी देतं आणि गाडी जेमतेम शंभर किलोची आहे. मुरमाच्या ट्रॅकवर नव्या रायडरला तेवढीही ताकद पुरी पडते. पडून राहिलेलं टू-स्ट्रोक रेसमध्ये मरतं ते ताकद कमी पडून नाही, नको तिथून हवा ओढल्यामुळे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधून वर जातं. क्रँकचं ऑइल सील वाळलं असेल, तर तिथून जास्तीची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि फुल थ्रॉटलला जाम होतो. पोर्टिंग केलेलं इंजिन तर आणखी लवकर.

म्हणून पहिलं काम लीक टेस्ट. दवाखान्यातल्या बीपी मशिनचा जुना फुगा आणि डायल त्यासाठी उत्तम. सायलेन्सर काढा, त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वर जाड पट्टी आवळा. कार्ब्युरेटर काढून मॅनिफोल्डच्या रबरात घट्ट बूच बसवा आणि बुचातून फुग्याची नळी आत घ्या. ऑइल पंपाची बारीक नळी मॅनिफोल्डला येत असेल, तर ती काढून मॅनिफोल्डवरचं तोंड बंद करा. प्लग जागेवर, पिस्टन अगदी खाली. आता डायलवर २५० (मिमी पारा) पर्यंत हवा भरा. ते साधारण ४.८ पीएसआय होतात. पाच मिनिटं काटा जागेवर राहिला तर इंजिन सीलबंद आहे. उतरला तर साबणाचं पाणी लावत चला: हेड, सिलिंडरखालचं गॅस्केट, मॅनिफोल्ड, मग मॅग्नेट काढून त्यामागचं सील. कुठेच बुडबुडा नाही आणि काटा मात्र उतरतोय, तर गिअर ऑइलचं झाकण उघडून त्या तोंडावर साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगला तर क्लच साइडचं सील गेलंय. हे बाहेरून कधीच दिसत नाही. गिअर ऑइल कमी होत जाणं आणि न थांबणारा पांढरा धूर, ही त्याची खूण. मॅग्नेट साइडचं सील गेलं की थ्रॉटल सोडल्यावरही आरपीएम वरच अडकून राहतो. दोन्ही सील एकदमच बदला. क्लच साइडला पोहोचायला क्लच उतरवावा लागतो, ते काम दोनदा कशाला?

बोअर करायचाच, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून मोठं कापून घ्यायचंच असेल, तर पिस्टन आधी घ्या आणि तो हातात घेऊनच अंबड किंवा सातपूरच्या मशिनशॉपमध्ये जा. नुसतं ‘०.२५ मारा’ असं सांगून सिलिंडर ठेवून येऊ नका. पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर झाला पाहिजे. रोज फोर-स्ट्रोकचं काम करणारा कारागीर हमखास एक गोष्ट विसरतो: बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात, त्या बारीक दगडाने किंचित मोडाव्या लागतात. तशाच राहिल्या तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. रिंगची टोकं खाचेतल्या पिनवर बसली आहेत ना, हे सिलिंडर चढवताना डोळ्यांनी बघा. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा, ०.१५ ते ०.३० मिमी हवी.

एअरबॉक्स फेकून कोन फिल्टर लावायची फॅशन आहे. माझ्या मते डर्टवर ही सर्वात महागडी चूक. मुरमाची धूळ पिठाइतकी बारीक असते आणि ती थेट बोअर खाते. मूळ डबा ठेवा, आत फोमचा फिल्टर, फिल्टर ऑइलने भिजवून पिळलेला, आणि कडेला ग्रीसचं बोट फिरवलेलं. फोम पेट्रोलमध्ये धुऊ नका, जोड सुटतात. रॉकेल किंवा डिझेल, मग साबणाचं पाणी, पूर्ण वाळवून मगच ऑइल.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण आणखी पातळ होतं, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक-दोन माप मोठा ठेवून सुरुवात करा आणि मग खाली या. इथेनॉल पाणी धरतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. जुने पाइप, ओ-रिंग आणि फ्लोटची सुई नवीनच टाका. गाडीचा ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणार असाल, तर ५ लिटरला १६५ मिली जेएएसओ एफडी दर्जाचं ऑइल, म्हणजे ३० ला १. पंपाची नळी जिथे जोडलेली होती ते तोंड कायमचं बंद करायला विसरू नका, नाहीतर तिथून हवा शिरेल. ‘सुरक्षित’ म्हणून ऑइल वाढवत नेऊ नका. त्याच जेटमधून मग पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट पातळच होतं.

ट्यूनिंगसाठी थ्रॉटलच्या मुठीवर आणि शेजारी टेपचे तुकडे चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पावपासून पाऊणपर्यंत मिश्रण ठरवते कार्ब्युरेटरची सुई, त्यापुढे मेन जेट, सुरुवातीला पायलट जेट. डर्टवर बराच वेळ अर्ध्या थ्रॉटलवर जातो, त्यामुळे सुईची क्लिप मेन जेटइतकीच महत्त्वाची. अर्ध्या थ्रॉटलवर ‘फट-फट’ करून अडखळली तर सुई एक खाच खाली, आणि उघडताना गाडी रिकामी झाल्यासारखी थबकली तर एक खाच वर. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथे नेमकी लावलेली गाडी किनाऱ्यावरच्या रेसला नेली तर ती पातळ चालेल. डिसेंबरात निफाडकडे पारा १० च्या खाली जातो, तेव्हा पहाटेच्या सरावालाही हाच धोका.

उरलेले पैसे शॉकअब्सॉर्बर आणि टायरवर घाला. वेग तिथे मिळतो. १९७३ साली स्वीडनचा हाकान आंदेरसन यामाहाच्या मोनोशॉकवर (मागे एकच शॉक असलेल्या गाडीवर) २५० सीसी मोटोक्रॉसचा विश्वविजेता झाला आणि मागे दोन शॉक असलेल्या गाड्यांचं युग ओसरू लागलं. तुमची गाडी त्या जुन्या घराण्यातली आहे, मोठ्या उड्या तिच्याकडून मागू नका. पुढच्या फोर्कमधलं ऑइल बदला, थोडं जाड घाला. तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं दबायला हवं. नुसतं कडक केलं तर चाक जमीन सोडतं. गाठींच्या टायरमध्ये १५ ते १८ पीएसआय. त्याखाली ट्यूब चिमटते किंवा व्हॉल्व्ह तुटतो. पुढचं चेन सॉकेट एक दात कमी केलं की मागे साधारण तीन दात वाढवल्याइतका फरक पडतो आणि तेच स्वस्त. मात्र चेन मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर घासते का, ते बघा. पाऊस झाल्यावर काळी माती मडगार्डखाली भरून चाक अडवते, म्हणून पुढचं मडगार्ड उंच करा.

फ्रेम कापू नका, वेल्डिंग नको, सगळं बोल्टने जोडा. १९९६ नंतर ही गाडी बनलेली नाही. शॉकच्या वरच्या कानांजवळ आणि फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर प्रत्येक सरावानंतर रंगातला तडा शोधा, स्पोक पहिल्याच फेरीनंतर पुन्हा आवळा.

लाइट, आरसे, स्टँड उतरवलेली गाडी रस्त्यावर चालवू नका, मैदानापर्यंत छोटा हत्तीतूनच न्या. एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना, तिच्या स्पर्धेला तिचं लायसन्स लागतं. आपला वर्ग आणि त्यात काय बदलायला परवानगी आहे, हे त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात वाचून मगच पार्ट घ्या. इंजिन तत्काळ बंद करणारा किल स्विच मात्र पहिल्या सरावाच्या आधीच बसवा.