सगळंच खोटं असतं, तर फँटसी आणि विज्ञान कादंबऱ्या चांगल्या की वाईट हे ठरवायचं कशावर?

सगळंच कुठे खोटं असतं? थाप एकच असते, आणि तेवढी मी लेखकाला माफ करते. मंगळावर वस्ती आहे, डोंगर बोलतो, काळात मागे जाता येतं, काहीही चालेल. मात्र ती थाप मान्य केल्यावर पुढे जे जे बदलायला हवं, ते लेखकाने निस्तरलंय का, हे मी बघते.

पुण्यात एका छोट्या प्रकाशकाकडे येणारी हस्तलिखितं मी वाचते. त्यातल्या एका कादंबरीत मंगळावरचा नायक कोथरूडच्या आईशी व्हिडिओ कॉलवर भांडतो. हा बोलतो, ती मध्येच तोडते, हा आवाज चढवतो. आता मंगळ जवळ असताना तिथून इथे संदेश यायला साधारण ३ मिनिटं लागतात, लांब असताना २२. प्रकाशाचा वेगच तेवढा, त्याला कोण काय करणार! म्हणजे मुलगा चिडून काहीतरी बोलला, पाच मिनिटांत निवळला, ‘चुकलं आई’ म्हणाला, तरी पहिल्या वाक्यावरचं तिचं उत्तर यायला अजून चाळीसेक मिनिटं. आणि ते उत्तर देताना तिने ‘चुकलं’ ऐकलेलंच नसणार. तोवर त्याने त्या खोलीत काय करायचं? खरी कादंबरी तिथे होती! भौतिकशास्त्र चुकलं ते चुकलं, पण एवढा प्रसंग हातचा घालवला याची मला जास्त हळहळ वाटली.

म्हणून नुसत्या वैज्ञानिक चुका मोजत बसू नका. एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ १८९५चं. यंत्र नेमकं कसं चालतं, ते त्यात धड कळत नाही. निकेल, हस्तिदंत, स्फटिक असं काहीबाही आहे. पण मालक आणि मजूर यांच्यातली दरी लाखो वर्षं वाढत गेली तर माणसाचं काय होईल, हे वेल्स शेवटपर्यंत ताणतो. पुस्तक टिकलंय ते त्यामुळे.

फँटसीत विज्ञानाच्या जागी जादू येते, आणि जादूची किंमत विचारायची. आपल्याला हे नवं नाही. कर्णाने कवचकुंडलं दिली तेव्हा इंद्राकडून शक्ती मिळाली, तीही एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी राखून ठेवलेली ती घटोत्कचावर खर्च झाली. घटोत्कच पडल्यावर कृष्णाला आनंद का होतो, हे त्या एका अटीमुळे कळतं. अट नसती तर उरली असती नुसती आतषबाजी. हल्ली येणाऱ्या बऱ्याच मराठी फँटसींमध्ये पुराणातली नावं असतात, अस्त्रं असतात, अटी मात्र गायब. नायक अडकला की त्याला नवी सिद्धी आठवते. दुसऱ्यांदा आठवली की मी पेन खाली ठेवते.

संवादही बघा. दोन शास्त्रज्ञ एकमेकांना बारावीचं भौतिकशास्त्र समजावून सांगत असतील, तर ते तुमच्याशी बोलतायत.

लेखकाचं नाव शक्यतो झाकून वाचा. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली कथा आद्याक्षरं उलटी करून घेतलेल्या टोपणनावाने पाठवली होती, ती परीक्षकांनी आपल्यावरून जोखू नये म्हणून. बक्षीस मिळालंच. वाचकाला ही सोय नसते, पण निदान मलपृष्ठावरची स्तुती शेवटी वाचता येते.

मालिकांबद्दल मी जरा कडक आहे. पहिला भाग वाचून दुसऱ्यासाठी अप्पा बळवंत चौकात जावंसं वाटलं, तर उत्तम. पण सगळे प्रश्न ‘पुढच्या भागात’ ढकलले असतील, तर पहिल्या भागाला मी अपुरं हस्तलिखित समजते आणि तसंच प्रकाशकांना कळवते.