बरीच वर्षं उभ्या असलेल्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन जाम आहे. प्लगच्या भोकातून कोणतं तेल ओतू? मेकॅनिक म्हणतोय, गाडी गिअरमध्ये टाकून दोरानं ओढू, आपोआप सुटेल.

एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं घ्या, नाहीतर एटीएफमध्ये डिझेल घाला. फरक उन्नीस-बीसचा. मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. मेकॅनिक म्हणतोय ना, तिसऱ्या गिअरमध्ये टाकून टोचन करू, आपोआप सुटेल? अजिबात करू देऊ नका. माझ्या थोरल्या भावानं हेच सुचवलं होतं, आणि त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

गाडी मामांची, तेराशे सीसीची बीटल. मामा गेल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा इंजिनाची पुली जागची हलत नव्हती. दादाचं आयुष्य मोठ्या डिझेल गाड्यांत गेलेलं, तो दोर घेऊनच आला. मी किल्ली दिली नाही. चाकांकडून जोर लावला की तो सगळा चिकटलेल्या पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडवर येतो. रिंग बिडाची, पिस्टन ॲल्युमिनियमचा. गंजानं रिंग सिलिंडरला धरून ठेवली असेल तर पिस्टनच्या, रिंगा बसतात त्या खाचा तुटतात. इंजिन फिरतं, पण कामाचं राहत नाही.

आधी फॅन बेल्ट काढला, कारण कधीकधी जाम डायनॅमो असतो आणि शिव्या इंजिनाला बसतात. मग टॅपेट कव्हरच्या तारेच्या कड्या खाली पाडून व्हॉल्व्ह दाबून उघडणारे दोन्ही बाजूंचे रॉकर त्यांच्या शाफ्टसकट काढले. ही पायरी लोक गाळतात. रॉकर निघाले की सगळे व्हॉल्व्ह बंद होतात, नाहीतर ओतलेलं तेल उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरमध्ये निघून जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे हे इंजिन आडवं आहे. सिलिंडर पडलेले असल्यामुळे तेल खालच्या अंगाला साचतं आणि रिंगेचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. म्हणून मी गाडीची डावी बाजू जॅकवर चांगली उंच घेतली, खाली घोड्या लावल्या, त्या बाजूचे तीन आणि चार नंबरचे सिलिंडर भरले आणि मुरू दिलं. मग उजवी बाजू. दादा रोज येऊन विचारायचा, "झाली का तुझी पूजा?" तीन नंबरमधलं तेल खाली उतरतच नव्हतं, भोकातून टॉर्च मारला की तसंच चकाकताना दिसायचं. एका सकाळी पातळी उतरलेली दिसली. ३० मिमीचा पाना पुलीच्या बोल्टवर लावून केसभर पुढे, केसभर मागे केलं आणि पिस्टन सुटला. पण जपून, मागे फिरवताना बोल्टच सैल होऊ शकतो. इंजिन उतरवलेलं असेल तर फ्लायव्हीलच्या दात्यांना पकडून हलवा.

इतकं करूनही नाही सुटलं तर हेड काढा. या इंजिनाचे चारही सिलिंडर सुटे असतात, चिकटलेला सिलिंडर पिस्टनसकट स्टडवरून बाहेर सरकवता येतो. थोडा बाहेर आला की गजन पिनपर्यंत (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) हात पोचतो. फिन्सवर, म्हणजे सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पात्यांवर, हातोडा मारू नका, लगेच तुटतात. गॅसची ज्योतही लावू नका. क्रँककेस मॅग्नेशियम मिश्रधातूची आहे आणि ॲसिटोन झटकन पेट घेतं.

हे सगळं उभ्या-उभ्या गंजलेल्या इंजिनासाठी. चालता-चालता तापून जाम झालं असेल तर तेल मुरवून उपयोग नाही, सरळ खोला. जुन्या फॅनच्या रचनेत ऑइल कूलर तीन नंबरच्या हवेच्या वाटेत येतो, त्यामुळे आधी तोच सिलिंडर बघा.

सुटल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. ओतलेलं सगळं रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं. ते अडीच लिटर काढून टाका, जाळी धुवा, नवं ऑइल भरा आणि प्लग काढलेले असतानाच हातानं फिरवून बघा. मेकॅनिक तरीही दोर काढत असेल तर मेकॅनिक बदला. माझा दादा अजून म्हणतो, टोचननं एका दुपारचं काम होतं. नंतर इंजिन खोललं तेव्हा निघालेला तीन नंबरचा पिस्टन आणि त्याच्या रिंगा मी पुसून ठेवल्या आहेत, त्याला कधीही येऊन खाचा बघता येतील.