खालचा रंग राखून वरचा स्प्रे कसा काढावा?

प्रश्न : जुनी टाटा ४०७ घेतली. आधीच्या मालकाने दोन्ही दारांवर चंदेरी स्प्रेने ट्रान्सपोर्टचं नाव मारलंय. खालचा निळा रंग चांगला आहे, तो जाऊ द्यायचा नाही. गॅरेजवाला म्हणतो, थिनरने पुसून टाका. पुसू का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : पुसा, पण आधी निळा रंग कुठल्या जातीचा आहे ते बघा. थिनरला तुमचा रंग कुठला आणि नको असलेला कुठला, हे कळत नाही.

दार उघडा. बिजागरीच्या बाजूला, सहसा नजर जात नाही अशा जागी, बनियनच्या कापडाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून दहा सेकंद दाबून धरा. बोळा लगेच निळा झाला तर खालचा रंग एनसी, म्हणजे डुको. तो आणि डब्यातला स्प्रे बहुधा एकाच थिनरने विरघळतात, त्यामुळे थिनरचा नाद सोडा. बोळ्याला काही लागलं नाही, पण मिनिटाभराने रंग नखाला मऊ लागला किंवा त्यावर सुरकुती आली, तर तो सिंथेटिक इनॅमल. जुन्या गाड्यांवर पेंटरने ब्रशने मारलेला रंग बहुतेक हाच असतो. काहीच झालं नाही तर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग. असं असेल तर तुमचं काम अर्ध्या तासाचं.

इनॅमल आहे असं धरून सांगतो, कारण सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. गाडी सावलीत घ्या. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर थिनर पुसायच्या आत उडून जातं आणि सुटलेला रंग तिथेच चिकटतो. दार शाम्पूच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. हँडल, कुलूप आणि काचेचं रबर मास्किंग टेपने झाका. एक भाग एनसी थिनर आणि तीन भाग टर्पेंटाइन असं मिश्रण करा. नुसत्या टर्पेंटाइनने वाळलेला स्प्रे हलत नाही आणि नुसतं थिनर फार आक्रमक. दोन्ही दारांना मिळून अर्धा लिटर मिश्रण पुरे.

एका वेळी वीतभर जागाच घ्या. कापड ओलं करून पिळा, थेंब गळता कामा नये. पाच-सहा सेकंद एकाच दिशेने पुसा आणि दुसऱ्या हातातल्या कोरड्या फडक्याने लगेच टिपा. प्रत्येक फेरीला कापडाची घडी बदला. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमची भुकटी असते. तीच घडी परत फिरवली की ती भुकटी सगळ्या दारावर पसरते आणि दार राखाडी दिसायला लागतं. गोल गोल घासू नका. एका फेरीत सगळं जाणार नाही, चार-पाच फेऱ्या लागतील.

सुरकुती दिसली की हात थांबवा. थिनर इनॅमलच्या वरच्या कातडीत शिरून ती फुगवतं आणि कातडी खालून सुटते. अशा वेळी अजून पुसलंत तर थेट लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, उघडी पडेल. चोवीस तास वाळू द्या, मऊ रंग बऱ्यापैकी परत घट्ट होतो. दाराच्या कडा आणि पत्र्याची धार इथे रंग पातळ असतो, तिथे हलक्या हाताने. जुन्या रंगाला तडे गेले असतील तर थिनर तड्यातून लांबीपर्यंत जातं आणि फोड येतात. तडेवाल्या भागाला थिनर लावूच नका.

तिथे, आणि खाली डुको निघाला तर, पॉलिश पेपर वापरा. १५०० नंबरचा पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून रबरी ठोकळ्यावर गुंडाळा, साबणाच्या पाण्यात घासा. ठोकळ्याशिवाय बोटांनी घासलं तर बोटांच्या रेषा उठतात. वाहणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवा : आधी राखाडी येतं, मग त्यात निळी झाक दिसते. पहिली निळी झाक दिसली की त्या जागी थांबायचं. मग २००० नंबर, मग रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) आणि शेवटी वॅक्स.

अक्षरं गेली तरी त्यांची सावली राहील. स्प्रेखालचा निळा उन्हापासून वाचलेला असतो, आजूबाजूचा विटलेला. म्हणून कंपाउंड अक्षरांपुरतं नको, पूर्ण दाराला मारा. विटका थर निघाला की फरक पुष्कळ कमी होतो.

पेंट रिमूव्हर मात्र आणू नका. तो पत्र्यापर्यंत सगळंच उचलतो, पुन्हा रंगवायचं ठरलं असेल तरच त्याचा उपयोग. काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी नको आणि भिजलेली फडकी बोळा करून केबिनमध्ये टाकू नका. पातळ रबरी हातमोजे थिनरने सैल पडतात, दोन-तीन जोड हाताशी असू द्या.

प्रश्न : शेजारी गेट रंगवताना आमच्या टेम्पोच्या काचेवर, रबरावर आणि दिव्यांवर काळा स्प्रे उडाला. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काच सोपी. साबणाचं पाणी लावून नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून ढकला. कोरड्या काचेवर ब्लेड फिरवलं तर चरे पडतात. रबराला थिनर लावलं की ते फुगतं, मग कडक होतं. तिथे स्पिरिटचं कापड, तेही थोडं थोडं. दिवे जुन्या पद्धतीचे काचेचे असतील तर काचेसारखंच. प्लास्टिकचे असतील तर थिनरने बारीक जाळीदार तडे जातात, म्हणून फक्त कंपाउंड.

प्रश्न : गाडीचा मागचा फाळका लाकडी आहे, त्यावर पोरांनी स्प्रेने काहीबाही लिहिलंय. (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : रंग लाकडाच्या रेषांत मुरला, तो पुसून निघत नाही. थिनर लावलं तर अजून आत जाईल. खरवडणीने वरचं काढा, ८० नंबरच्या पेपरने रेषेच्या दिशेने घासा, प्रायमरचा एक हात आणि इनॅमलचे दोन हात द्या. फाळका परत लिहायचाच आहे तर ‘हॉर्न ओके प्लीज’ वगळा, महाराष्ट्रात २०१५ पासून त्याला बंदी आहे. चमकपट्टीवर स्प्रे गेला असेल तर साफ करत बसू नका. थिनरने तिचा वरचा पापुद्रा धुरकट होतो आणि रात्री ती चमकत नाही. काढून नवी लावा : मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी.