वाचकांचे प्रश्न : नव्या संगणकाचा प्रोसेसर इतका का तापतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत : सुटे भाग आणून संगणक जोडला, तो पहिल्याच प्रयत्नात सुरूही झाला, परंतु प्रोसेसरचे तापमान पाहून धडकी भरली. त्यांतील काही पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, येथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : माझ्या नव्या संगणकात इंटेल कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर असून त्याच्याबरोबर आलेलाच कूलर बसवला आहे. काहीही काम चालू नसताना तापमान ५५ ते ६० अंश असते. सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी सुरू केली की एक-दोन सेकंदांत ते १०० अंशांना टेकते, वेग घसरतो आणि वीजवापर ६० वॅटच्या आसपास दिसतो. खोलीचे तापमान ३० अंश आहे. प्रोसेसर व कूलर यांच्यामधली पेस्ट दोनदा बदलून पाहिली, तरी फरक नाही. पेस्टच हलकी असेल का?

उत्तर : आपण तापमानाबरोबर वीजवापर आणि लागलेला वेळही कळवलात हे फार बरे केलेत, कारण निदान त्या दोन गोष्टींवरूनच होते. नुसता १०० हा आकडा काहीच सांगत नाही. खोलीच्या तापमानापेक्षा प्रोसेसर ७० अंश वर गेला आणि त्या वेळी तो ६० वॅट खर्च करत होता, म्हणजे दर वॅटमागे तापमान एका अंशाहून अधिक चढले. याच कूलरवर, एवढ्याच विजेला, हे तापमान ऐंशीच्या आत राहायला हवे. त्यातही ते एक-दोन सेकंदांत चढते, याचा अर्थ उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नाही. हीटसिंक हा कूलरमधील धातूचा चांगला जाड गोळा असतो आणि तो तापायला वेळ लागतो. पंखा मंद असता किंवा कॅबिनेटमध्ये हवा कोंडली असती, तर तापमान काही मिनिटे सावकाश चढत गेले असते. चाचणी चालू असताना हीटसिंकच्या पात्यांना, पंख्यापासून दूर, बोट लावून पाहावे. आत १०० अंश आणि पाती कोमट, असे आढळले तर प्रोसेसर व कूलर यांचा स्पर्शच नीट झालेला नाही, हे नक्की समजावे.

पेस्टचा दोष असता तर फरक काही अंशांचा पडला असता. पेस्टचे काम धातूच्या दोन पृष्ठभागांमधील सूक्ष्म खळग्यांतून हवा हटवणे एवढेच असते. तांबे हवेच्या सुमारे १५ हजार पट चांगले उष्णतावाहक आहे, त्यामुळे केसाएवढी फटही महागात पडते आणि ती कितीही उत्तम पेस्टने भरून निघत नाही. आपल्या बाबतीत दोष बहुधा कूलरच्या चार खिट्ट्यांपैकी एखादीत आहे. या खिट्टीचे दोन भाग असतात : बाहेरचा दुभंगलेला पाय मदरबोर्डच्या छिद्रातून पलीकडे जातो आणि वरून दाबल्यावर आतला दांडा त्या पायात शिरून त्याला फाकवतो. वरून ‘खट्’ असा आवाज आला म्हणजे खिट्टी बसलीच असे मात्र नाही. बरेचदा पाय छिद्रात तिरपा अडकतो आणि दांडा त्याच्याशेजारी वाकतो. तीन खिट्ट्या बसल्या आणि चौथी सुटली, तर कूलर एका कोपऱ्यावर तरंगतो; पाहणाऱ्याला तो घट्ट वाटतो.

म्हणून संगणक बंद करून, वीजपुरवठ्याची तार काढून, कॅबिनेटचे मदरबोर्डमागच्या बाजूचे झाकण उघडावे आणि मदरबोर्डच्या पाठीकडून पाहावे. चारही छिद्रांतून पाय पूर्ण बाहेर आलेला आणि त्याच्या मधोमध दांड्याचे टोक दिसले पाहिजे. पाठ दिसत नसेल तर मदरबोर्ड बाहेर काढण्याचा कंटाळा करू नये. हे काम कॅबिनेटमध्ये हात घालून अंदाजाने करण्याचे नाही. पुन्हा बसवताना हे लक्षात ठेवावे की, खिट्टीच्या डोक्यावरील बाण ती सोडवण्याची दिशा दाखवतो. बसवण्यापूर्वी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेने मूळ जागी फिरवावीत आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्यांनी दाबावीत. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावणे आवश्यक असते, कारण विस्कटलेल्या थरात हवेचे बुडबुडे राहतात. आणि हो, वेगळा विकत घेतलेला कूलर असेल, तर त्याच्या तळाची पारदर्शक पट्टी काढली आहे ना, हेही पाहावे. हे वाचून हसू येईल, पण अनुभवी माणसांकडूनही ती राहून जाते.

प्रश्न : माझ्याकडे एएमडी रायझन ७ ७७००एक्स आणि एक मोठा टॉवर कूलर आहे. व्हिडिओचे रूपांतर चालू असताना तापमान ९५ अंशांवर जाऊन तेथेच स्थिर राहते. कूलर काढून पुन्हा बसवला, तरी तेच. आता अधिक मोठा कूलर घ्यावा का?

उत्तर : कृपया घेऊ नये. २०२२ साली आलेल्या या मालिकेचे बहुतेक प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालावेत अशाच रीतीने घडवलेले आहेत. सर्व कोअर, म्हणजे प्रोसेसरमधील गणना करणारे स्वतंत्र भाग, कामाला लागले की प्रोसेसर विजेची किंवा तापमानाची मर्यादा येईपर्यंत वेग वाढवत जातो, आणि जी मर्यादा आधी येईल तेथे थांबतो. मोठा कूलर बसवल्यास आपल्याला कदाचित तापमान तेच राहून वेग किंचित वाढलेला दिसेल, आणि पैसे खर्चूनही काही झाले नाही असे वाटत राहील.

आपल्या प्रोसेसरला १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा आहे. खोली २८ अंशांची धरली, तर ९५ अंश म्हणजे दर वॅटमागे साधारण अर्धा अंश होतो. पहिल्या पत्रातील संगणकाच्या निम्म्याहूनही कमी चढ, म्हणजे येथे कूलर आपले काम करतो आहे. अडचण चिपच्या आकाराची आहे. आठही कोअर ज्या सिलिकॉनवर आहेत, त्याचे क्षेत्रफळ जेमतेम ७० चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान आहे आणि बहुतांश उष्णता तेवढ्याच जागेतून बाहेर पडायची असते. शिवाय आधीच्या पिढीचे कूलर नव्या सॉकेटवर (मदरबोर्डवरील प्रोसेसरच्या खाचेवर) चालावेत यासाठी प्रोसेसरवरील धातूचे झाकण जाड ठेवले आहे, त्याचाही काही अडसर होतो. कूलर कितीही मोठा असला तरी या अरुंद वाटेवर त्याचा ताबा चालत नाही.

तरीही हा आकडा पाहवत नसेल, तर बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या मांडणीत, वीजवापर मर्यादित ठेवणारा इको मोड निवडून ६५ वॅटचा पर्याय घ्यावा. त्यात प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅटची होते, तापमान बरेच खाली येते आणि कामाच्या वेगात होणारी घट विजेच्या बचतीच्या मानाने फारच कमी असते. बायॉसमधीलच कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीतून व्होल्टेज थोडे कमी करणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी असल्यामुळे दुसऱ्याने सांगितलेला आकडा जसाच्या तसा घालू नये, पायरीपायरीने उतरावे आणि प्रत्येक पायरीवर संगणक अडखळत नाही ना, हे दिवसभराच्या कामात तपासावे.

प्रश्न : कोअर आय७-१३७००के आणि २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर (द्रव फिरवून उष्णता पंखे लावलेल्या जाळीकडे, म्हणजे रेडिएटरकडे, नेणारा) अशी माझी जोडणी आहे. चाचणीच्या सुरुवातीला ८५ ते ९० अंश असतात, पण सात-आठ मिनिटांत १०० होतात. वीजवापर २५० वॅट दिसतो. बाजूची काच काढली की सहा-सात अंश कमी होतात. कूलरचा पंप खराब असावा, असे मित्राचे म्हणणे आहे.

उत्तर : पंप बंद असता तर सात मिनिटे लागलीच नसती. प्रोसेसरवरच्या ठोकळ्यात द्रव अगदी थोडा असतो. तो फिरला नाही तर अल्पावधीतच तापमान मर्यादेला भिडते, आणि एक नळी गरम तर दुसरी थंड लागते. आपल्या बाबतीत द्रव फिरतो आहे, तो हळूहळू तापतो आहे आणि रेडिएटरला त्याची उष्णता पुरेशा वेगाने टाकता येत नाही. खरे तर २५० वॅटला १०० अंश म्हणजे दर वॅटमागे पाव अंशाच्या थोडा वर चढ. या तिन्ही संगणकांत आपली उष्णतेची वाट सर्वांत मोकळी आहे. फक्त तिच्यावर टाकलेला भार अवाजवी आहे.

या प्रोसेसरची कमाल विद्युत मर्यादा इंटेलने २५३ वॅट ठेवली आहे, आणि अनेक मदरबोर्ड तीही उठवून तेथे ४०९६ असा निरर्थक आकडा भरून ठेवतात. माझ्या मते नवा संगणक जोडणाऱ्याने बायॉसमध्ये सर्वप्रथम हीच जागा पाहावी. आपण दीर्घकाळाची आणि अल्पकाळाची अशा दोन्ही विद्युत मर्यादा १८० वॅटवर आणून चाचणी पुन्हा घ्यावी. वेग आणि व्होल्टेज एकत्र वाढत असल्यामुळे आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी विजेचा फार मोठा वाटा खर्ची पडतो. तेवढा वेग सोडला तर खेळांमध्ये फरक सहसा जाणवतही नाही.

काच काढल्यावर सहा-सात अंश उतरतात, यावरून कॅबिनेटमध्ये हवा कोंडते हेही उघड आहे. रेडिएटर वरच्या बाजूला असेल तर त्याला ग्राफिक्स कार्डाने तापवलेली हवा मिळते. समोरून ताजी हवा आत घेणारे पंखे आहेत का आणि ते खरोखर आतच फेकतात का, हे कागदाची पट्टी धरून पाहावे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. रेडिएटर कोठेही असला तरी त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा, अन्यथा द्रवातील हवा पंपात साचून गुरगुर सुरू होते.

एक गोष्ट तापमानापेक्षाही महत्त्वाची आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरना अवाजवी व्होल्टेजमुळे कायमची अस्थिरता येत असल्याचे २०२४ साली स्पष्ट झाले. कंपनीने त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि संबंधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही दुरुस्ती बायॉस अद्ययावत करून मिळवता येते. आपला मदरबोर्ड बराच काळ खोक्यात पडून असेल, तर त्यातील बायॉस जुना असण्याचा संभव आहे. ते काम आधी करावे, कूलरकडे नंतर वळावे.

प्रश्न : काहीही काम नसताना तापमान ४० वरून क्षणात ६० होते, पुन्हा उतरते आणि पंखा सतत ओरडून गप्प होतो. हा बिघाड आहे का?

उत्तर : नाही. एखादे छोटे काम आले की एकच कोअर क्षणभर पूर्ण वेगाने धावतो आणि त्याच्याजवळचा सेन्सर तेवढ्यापुरता उसळतो. नव्या संगणकात सुरुवातीला अद्यतने आणि फाइलींची अनुक्रमणी चालू असल्यामुळे हे अधिक दिसते. बायॉसमधील पंख्याच्या मांडणीत प्रतिसादाला काही सेकंदांचा विलंब द्यावा आणि साठ अंशांपर्यंत वेगाची रेषा सपाट ठेवावी.

प्रश्न : एका प्रोग्रॅममध्ये मदरबोर्डचा एक सेन्सर सतत १२७ अंश दाखवतो. संगणक वापरणे थांबवावे का?

उत्तर : कधीही न हलणारा १२७ हा आकडा बहुधा जोडणीच नसलेल्या सेन्सरचा असतो. प्रोसेसरसाठी इंटेलमध्ये ‘सीपीयू पॅकेज’ आणि रायझनमध्ये ‘टीडाय’ ही ओळ पाहावी, बाकीच्या नोंदी सोडून द्याव्यात.