पुतण्याचं मॉडेल आणि चाळीतला कांदा

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचा कांदा असतो. नाशिकला इंजिनिअरिंग करणाऱ्या पुतण्याने लासलगावच्या जुन्या भावांवर ‘न्यूरल नेटवर्क’ तयार केलंय. ९८ टक्के बरोबर येतं म्हणतो. हे असतं काय? त्याच्या भरवशावर चाळीतला कांदा ठेवू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : लिलावात तुमच्या ट्रॉलीपुढे उभा राहणारा व्यापारी आठवा. चार कांदे हातात घेतो, आकार-पत्ती बघतो, मागे किती ट्रॅक्टर लागलेत ते पाहतो आणि आकडा बोलतो. कशाला किती महत्त्व द्यायचं, हे तो चुकत चुकत शिकलेला असतो. नेटवर्कही तसंच शिकतं. आवक, मागचे भाव, पाऊस असे आकडे आत जातात. प्रत्येकाला एका ‘वजना’ने (काट्यावरचं नव्हे!) गुणून बेरीज होते, आणि ती पुरेशी मोठी असली तरच पुढच्या थरात, म्हणजे अशाच बेरजांच्या पुढच्या रांगेत, जाते. शेवटी भाव बाहेर पडतो. खऱ्या भावाशी जो फरक पडेल तो उलट मागे नेत प्रत्येक वजन किंचित हलवायचं, असं हजारो वेळा. संशोधक रोझेनब्लॅट यांचं १९५८ चं नेटवर्क साधं होतं. बरेच थर शिकवायची ही उलटी रीत रुळली ती रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर.

आता ते ९८ टक्के. निवृत्तीनंतर मीही हा उद्योग केला. सगळे दिवस पत्त्यांसारखे पिसले, काही शिकवायला घेतले, काही परीक्षेला ठेवले. आलेख इतका जुळला की बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवला. जुळणारच! सोमवार आणि बुधवारचा भाव माहीत असल्यावर मंगळवारचा सांगण्यात कसलं कौतुक? पुढे ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली, भाव कोसळले आणि माझ्या नेटवर्कची रेघ आपली वरच चाललेली. बंदी असा आकडा मी नेटवर्कला कधी दिलाच नव्हता.

पुतण्याला सांगा, २०२२ पर्यंतचेच भाव शिकव आणि २०२३ पूर्ण झाकून ठेव. मग ‘कालचा भाव तोच आजचा’ या अडाणी अंदाजापेक्षा तुझं नेटवर्क किती कमी चुकतं, ते वहीत लिहून आण. बहुतेकदा इथेच चेहरा पडतो, माझा पडला होता. त्याचा नाही पडला, तर मला जरूर कळवा. कोंब फुटलेला माल मात्र त्याआधीच बाजारात न्या.