केंद्रीय आरोग्यमंत्री नक्की करतात काय?

प्रश्न : माझ्या नातवाला सोसायटीच्या गेटपाशी कुत्रा चावला. जवळच्या सरकारी रुग्णालयात लस संपलेली. ‘दोन दिवसांनी या’ म्हणाले. शेवटी खासगीत पैसे मोजून टोचून घेतली. मुलीने थेट केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना ट्विटरवर लिहिलं, उत्तर नाही. साधी लस देता येत नसेल तर दिल्लीत आरोग्यमंत्री हवाच कशाला? आणि हे पद आलं तरी कुठून?
– एक आजी, घणसोली

उत्तर : आजी, राग रास्त आहे, पत्ता तेवढा चुकला. आधी कामाचं : नातवाचे पुढचे डोस चुकवू नका. पुन्हा कुणाला चावलाच, तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, हळद-तिखट भरायचं नाही, आणि ‘दोन दिवसांनी या’ ऐकून घरी परतायचं नाही. त्याच दिवशी दुसरं रुग्णालय गाठायचं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रुग्णालयं आणि दवाखाने राज्यांच्या यादीत आहेत. दिल्लीतल्या मंत्र्याला तुमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरची बदलीसुद्धा करता येत नाही. आपल्याकडचंच बघा ना. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. ठाण्याचं सिव्हिल आणि मनोरुग्णालय राज्याचं. वागळे इस्टेटचं कामगार रुग्णालय ज्या विमा योजनेवर चालतं ती केंद्राची, पण कामगार मंत्रालयाकडची. कल्याणचं रेल्वे हॉस्पिटल रेल्वेचं. खारघरचं टाटाचं कॅन्सर केंद्र तर अणुऊर्जा विभागाकडे! औषधांच्या किमतीही आरोग्यमंत्री ठरवत नाहीत, ते काम रसायन आणि खते मंत्रालयाचं. मग उरलं काय? औषधांचा दर्जा, वैद्यकीय शिक्षणाचे नियम, न्हावा-शेवासारख्या बंदरांवरची आरोग्य तपासणी, एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारी साथ, आणि पैसा. राष्ट्रीय आरोग्य अभियानात आपल्यासारख्या राज्याला शंभरातले साठ रुपये केंद्राचे, चाळीस राज्याचे.

श्वानदंशाची लस राज्यं आणि महापालिका स्वतः खरेदी करतात. केंद्राच्या निधीचा हातभार असतो, पण मागणीपत्र वेळेवर काढणं हे इथल्याच टेबलावरचं काम. साठा संपण्याच्या आत कागद हलायला हवा, हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी नोकरीभर बोंबलत आले.

बाळांच्या लसीकरणातल्या लसी मात्र दिल्लीच घेऊन पाठवते. पल्स पोलिओ १९९५ साली देशभर सुरू झालं, तेव्हा शहापूर-मुरबाडचे पाडे आमच्या वाट्याला. पुढे लसीच्या बाटलीवर एक गोल छापलेला यायला लागला, आत फिकट चौकोन. उष्णता लागेल तसा चौकोन गडद होत जायचा, आणि गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. भर दुपारी पाड्यावर मी तो चौकोन डोळ्यांजवळ नेऊन निरखायचे. मग थेंब, डाव्या करंगळीला शाई, दारावर खडूने इंग्रजी पी. पोर मामाकडे गेलेलं असलं तर एक्स, आणि त्या एक्सच्या घरी पुन्हा खेप. लस, खूण, तारीख सगळं वरून ठरून आलेलं, पाय आमचे. देशातला नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. दिल्लीत आरोग्यमंत्री कशाला हवा, तर अशा कामाला हवा.

आता इतिहास. १९४७च्या पहिल्या मंत्रिमंडळात राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री झाल्या. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, वर्षानुवर्षं गांधीजींच्या सचिव. त्या मंत्रिमंडळात बाई एकटी हीच! खातं त्यांच्याकडे १९५७पर्यंत होतं. रुग्णालयं राज्यांकडे, म्हणून बाई हात बांधून बसल्या नाहीत. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालात मोठ्या वैद्यकीय संस्थेची शिफारस होती. तिच्यासाठी न्यूझीलंडची मदत आली, बाईंनी संसदेत विधेयक मांडलं आणि १९५६ला कायदा होऊन एम्स उभं राहिलं. सिमल्याचं आपलं घरही त्यांनी एम्सला देऊन टाकलं. आज नागपुरात एम्स आहे, त्याचं मूळ तिथलं. एका बाबतीत मात्र माझं त्यांच्याशी जमलं नसतं. कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम १९५२मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच काळात, पण गर्भनिरोधक साधनांना त्यांचा विरोध. बायकांनी रंगीत मण्यांच्या माळेवर ‘सुरक्षित’ दिवस मोजायचे! घरात रात्री कुणाचं चालतं, ते मण्यांना काय ठाऊक?

पुढच्यांपैकी सुशीला नायर आपल्या जवळच्या. १९६२ ते ६७ आरोग्यमंत्री, आणि १९६९ला सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज त्यांनीच उभं केलं. आणीबाणीत करण सिंह यांच्याकडे खातं असताना लोकसंख्या धोरण आलं, नसबंदीचे आकडे गाठायची सक्ती झाली, आणि १९७७नंतर ‘कुटुंब नियोजन’चं ‘कुटुंब कल्याण’ करावं लागलं. पाटी बदलली तरी भीती जायला वेळ लागला. मी नोकरीला लागले तेव्हाही आमची जीप दिसली की पाड्यावरचे बाप्ये रानात पसार व्हायचे.

तर आजी, अर्ज महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे लिहा. तारीख, वेळ आणि ‘लस उपलब्ध नाही’ असं कुणी केसपेपरवर लिहून दिलं असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. पोच घ्या. रुग्णालय राज्याचं निघालं तर तोच अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

प्रश्न : मी आयकर खात्यातून निवृत्त. माझं सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे. त्याची तक्रारही महापालिकेतच करायची का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : नाही हो, तुमचं गाऱ्हाणं खरोखरच दिल्लीच्या खात्याचं. सीजीएचएस १९५४ साली दिल्लीत सुरू झाली तेव्हापासून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडेच आहे. आधी मुंबईच्या सीजीएचएस कार्यालयात लेखी द्या, दाद लागली नाही तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर आरोग्य मंत्रालय निवडा. शेजारच्या रेल्वेवाल्या मित्राला हा सल्ला देऊ नका, त्यांचं दुकान वेगळं.